अंगणाची उरलेली पट्टी

११ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची! शहापूरहून रिक्षा केली. वाटेभर भाताची कापणी चालू होती, हवेत पेंढ्याचा वास आणि मधूनच कानठळ्या बसवणारी प्रचाराची जीप. सापगावच्या थोडं बाहेर, शेताच्या कडेला हे दोन खोल्यांचं कौलारू घर. पुढच्या खोलीला उत्तरेकडे जवळजवळ भिंतीएवढी खिडकी आहे. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, त्यामुळे घर बांधणारा माणूस चित्रकार होता हे वेगळं सांगायला नको. दादरला मी ट्यूबलाइटखाली डोळे फोडते. ही खिडकी बघून मला खरोखर गाणं म्हणावंसं वाटलं.

पण आल्या आल्या घोळ घातलाच. गिरजाने नुकतंच अंगण सारवलं होतं आणि मी बॅग सांभाळत सरळ त्यावरून चालत गेले. सहा ठसे उमटले! गिरजा आणि तिचा नवरा दामू हे घर राखतात, दोघंही साठीच्या आसपासचे. दामू हसला. गिरजा हसली नाही. ती शेणकाल्याचं घमेलं घेऊन आली, उकिडवी बसली आणि माझे ठसे मोडत मागे मागे सरकत गेली. सारवणारी बाई मागेच सरकते, नाहीतर स्वतःच ओल्यात अडकेल. इतक्या वर्षांत मी हे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

आता कामाचं. हे घर शाम नावाच्या चित्रकाराचं. सही करताना तो फक्त 'शाम' एवढंच लिहायचा. तो गेल्यावर त्याच्या पुतण्यांनी घर आदेश नावाच्या एका तरुण व्यावसायिकाला विकलं आणि घराबरोबर भिंतीकडे तोंड करून ठेवलेलं एक चित्रही आदेशला मिळालं. सालाची नोंद १९७१. आता त्याला मुंबईत मागणी आलीय. बावीस तारखेला सकाळी दहा वाजता आदेश फोटोग्राफरला घेऊन येणार आहे, तोवर मला चित्र स्वच्छ करून द्यायचंय.

हे काम मला मिळालं याचंच नवल आहे. चार वर्षांपूर्वी एका संग्रहालयातलं जुनं चित्र साफ करताना मी त्याच्या कोपऱ्यातला पाणक्या पुसून टाकला. तो नंतर कुणीतरी घुसडलाय अशी माझी ठाम समजूत होती, पण तो मुळातलाच निघाला. थांबायचं कुठे ते हिला कळत नाही, असं माझ्याबद्दल पेपरात छापून आलं. तेव्हापासून मला कोणी साधी फ्रेम पुसायला दिलेली नाही. हे चित्र नीट झालं तर निदान लोक माझा फोन तरी उचलतील.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

चित्र सुरेख आहे. चार फूट बाय तीन. हेच अंगण, ही पायरी, हेच दार, पण सगळं चौकोनांत आणि पट्ट्यांत बसवलेलं. दार म्हणजे एक काळा उभा आयत, भिंत पांढरी, आणि अंगण इतकं उभं केलेलं की ते आता आपल्या अंगावर सांडेल. सावली कुठेच नाही. मधोमध पाठमोरी बाई सारवतेय. हिरव्या लुगड्याचा एक गोळा, अंबाड्याचा काळा ठिपका आणि एक लांबलेला हात, एवढीच बाई. तिच्यापलीकडचं, दारापर्यंतचं अंगण गडद तपकिरी म्हणजे सारवलेलं, आणि अलीकडचं फिकट म्हणजे राहिलेलं. बाजूला घमेलं आहे, ते आतून कोरडं ठणठणीत. सगळ्यात खाली चार बोटं रुंदीची पट्टी नुसता पांढरा कॅनव्हास. तिथे चित्र सोडूनच दिलंय.

सवयीने मोजमापं घेतली. बाईच्या टाचेपासून पट्टीच्या वरच्या कडेपर्यंत एकवीस सेंटिमीटर.

एका गोष्टीने मात्र डोकं फिरलं. चित्राच्या पुढ्यात जमिनीवर पाण्याने भरलेला तांब्या! विचारलं तर दामू म्हणाला, "आमी रोज ठेवतो म्याडम, माझ्या आईपासनं." मी त्याला समजावलं की ओल हा चित्राचा पहिला शत्रू आहे. तो तांब्याला हात लावेना. शेवटी मीच तो उचलून अंगणात ओतला. लोकांना काय सांगावं?

१४ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस फुकट गेले. माझी चित्र साफ करायच्या औषधांची पेटी कुरियरवाल्याने कल्याणला अडकवून ठेवलीय. फोन केला की उद्या येईल, उद्या फोन केला की परवा. शहापुरातल्या मेडिकलमधून कापूस आणला, त्याचे तंतू चित्राला चिकटतात. वीज सकाळपासून नाही. आदेशचा फोन तेवढा न चुकता दिवसातून दोनदा येतो, आणि प्रत्येक वेळी तो आठवण करून देतो की माझ्याबद्दल बरंच काही ऐकूनही त्याने मला काम दिलंय. दात ओठ खाऊन मी हो हो म्हणते.

शेवटी दुपारी थुंकीने सुरुवात केली. ऐकणाऱ्याला किळस येईल, पण आमच्या धंद्यातला हा जुना आणि सभ्य मार्ग आहे. काडीला कापूस गुंडाळायचा, जिभेवर ओला करायचा, चित्रावर हलकेच फिरवायचा, फेकून द्यायचा आणि नवा घ्यायचा. धूर, तेलकटपणा, माशांचे डाग, सगळं निघतं. बाजारातलं कुठलंच औषध इतकं मवाळ नसतं.

बाईपासून सुरुवात केली. हिरवं लुगडं काय उजळलं!

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गिरजा चहा घेऊन आली आणि मला काडी तोंडात घालून चित्रावर फिरवताना बघून दारातच थांबली. कोणाच्या अंगणात थुंकू नये, असं ती म्हणाली. मी म्हटलं, अगं, हे कापडावरचं अंगण आहे. मग हळूच म्हणाली, "बाई, तिला उष्टं नका देऊ गो." कोणाला ते सांगेना. चहा ठेवला आणि गेली.

मला हसू आलं, रागही आला. पन्नास वर्षं चित्र भिंतीकडे तोंड करून धूळ खात पडलं ते यांना चालतं. मी ते साफ करते ते चालत नाही!

काम झकास चाललंय. शंभरेक बोळे झाले असतील.

१६ नोव्हेंबर, शनिवार

मोजमाप चुकलं. टाचेपासून पट्टीपर्यंत सोळा भरतंय. मंगळवारी एकवीस लिहिलंय, माझ्याच हाताने. टेप बदलून पाहिली, तरी सोळाच. म्हणजे त्या दिवशी मी बेसावध होते. असली चूक शिकाऊ पोरही करत नाही.

बाईभोवतीचा गडद भागही वाढल्यासारखा वाटतो. मळ निघाल्यावर रंग खुलतात, तसं असेल.

घसा कोरडा पडलाय. दिवसभर थुंकी काढायची म्हणजे आणखी काय होणार?

१७ नोव्हेंबर, रविवार

बारा सेंटिमीटर.

मी भिंग लावून तासभर बघत बसले. कोणी रात्रीतून रंगवलं असतं तर मला कळलं असतं, माझं पोट त्यावर चालतं. नवा रंग मऊ असतो, त्याला वास असतो. इथे तडे आहेत, पन्नास वर्षांचे, बारीक, सलग. बाईच्या पाठीवरून निघून अंगणात उतरणारे. बाई सरकलीय आणि तडे तिच्याबरोबर सरकलेत. हे होऊ शकत नाही. तरी ते झालंय आणि विचारायला कोणी नाही. धंद्यातल्या ज्या दोघांना विचारलं असतं त्यांनी चार वर्षांत माझा फोन घेतलेला नाही.

मंगळवारचा फोटो फोनवर काढलाय, तो उघडला. त्यातही बाराच. फोन आपटावासा वाटला.

घमेल्याच्या तळाशी एक चमकणारा ठिपका आहे. तो आधी नव्हता. ओला दिसतो, बोट लावलं तर कोरडा.

१८ नोव्हेंबर, सोमवार

तोंडाला अजिबात ओल नाही. भाकरीचा तुकडा घशात अडकला, गिरजाने पाठीवर थापट्या मारल्या. शहापूरला डॉक्टरकडे जाऊन आले. साखर बरोबर, दाब बरोबर. तो म्हणाला भरपूर पाणी प्या. तीन बाटल्या प्यायले. पाणी पोटात जातं, जीभ मात्र लाकडासारखी.

आज एकही बोळा ओला करता आला नाही. तरीही आठ सेंटिमीटर.

कुरियरची पेटी आली! आली ती फुटलेली. बाटल्या रिकाम्या.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

दामूला खोलीत बोलावलं आणि चित्रासमोर उभं करून विचारलं, ही कोण? त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं.

ती त्याची आत्या, सुंदरा. तेव्हा दामू सात वर्षांचा होता. ती या घरी सारवण, झाडलोट करायची. शामसाहेबाने तिला अंगणात पाठमोरी बसवली आणि हलायचं नाही असं सांगितलं. चार दिवस ती कडक उन्हात तशीच उकिडवी बसून होती. शेवटच्या दिवशी खालची पट्टी राहिली असताना साहेबाला मुंबईहून बोलावणं आलं. आलोच, उठू नकोस, असं म्हणून तो गेला तो आठ दिवसांनी परतला. तिला त्याच संध्याकाळी ताप चढला. तापात माणसाला पाणी द्यायचं नाही अशी तेव्हा समजूत होती, म्हणून घरच्यांनी तिला पाणी दिलं नाही. ती मागत होती. पाणी द्या, माझं अंगण राहिलंय, काला घट्ट झालाय, असं म्हणत दोन दिवसांनी ती गेली. साहेब परत आला, पण ती पट्टी रंगवायचा त्याला धीर झाला नाही. त्याने चित्र भिंतीकडे वळवून ठेवलं. दामूच्या आईने त्याच दिवशी पुढ्यात पहिला तांब्या ठेवला.

हे सगळं आधी का नाही सांगितलं, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. तो म्हणाला, "तुमी इचारलंच नाय म्याडम. ओतून टाकलंत."

बरोबर आहे. ओतून टाकलं.

मी स्वतः तांब्या भरून पुढ्यात ठेवला. गिरजा दारातूनच म्हणाली, आता साध्या पाण्यावर तिचं नाही भागायचं, तिला तुमची चव लागलीय.

२० नोव्हेंबर, बुधवार

मतदानाची सुट्टी. सगळा गाव केंद्रावर. मी आदेशला फोन लावला. बोलता येईना, म्हणून मेसेज केला की काम सोडतेय, चित्र आहे तसं घेऊन जा. त्याचं उत्तर लगेच आलं. सोडायचं असेल तर खुशाल सोडा, पण मग काय झालं ते मी चारचौघांत सांगणार. फोटोग्राफर ठरलाय. शुक्रवारी दहाला बाईसकट चित्र जागेवर हवं.

बाईसकट! त्याने हा टोला मुद्दाम मारला. पाणक्याची गोष्ट त्यालाही माहीत आहे.

पाच सेंटिमीटर. हात हलताना दिसत नाही. पण मी मान वळवली की आवाज येतो. सप्. सप्. ओल्या हाताचा. वळून पाहिलं की थांबतो. दुपारचे दोन, लख्ख ऊन, खिडकीतून शेत दिसतंय आणि मी इथे एका चित्राकडे टक लावून बसलेय. पापणी मिटायची सोय नाही. याचा मला संताप येतो, भीतीपेक्षा संतापच.

तांब्या भरलेला तसाच. थेंबही कमी नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

टाच पट्टीला टेकली. तिच्यामागे आता कोरा कॅनव्हास. तिथे सारवायला जमीनच नाही. ती थांबलीय, पण आवाज थांबलेला नाही. एकाच जागी, खरडल्यासारखा. नखं असावीत.

गिरजा सकाळी आली. पहिल्यांदाच माझ्या शेजारी बसली. म्हणाली, "तेवढी पट्टी तुमीच करून द्या गो. तिचं काम सरलं का उठंल, जाईल." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्या डोळ्यांतही यायला हवं होतं, पण ते सुद्धा कोरडे.

आमच्यात हे पाप आहे. चित्रकाराने सोडलेलं आपण भरायचं नाही. चित्रकाराच्या कामात हात घालून मी एकदा बुडालेय. पण जीभ आता हलत नाही. कडेला चिरा पडल्यात. रक्त येत नाही.

पुसता येण्याजोगा रंग आहे माझ्याजवळ. शुक्रवारनंतर पुसून टाकीन. कोणाला कळणार नाही.

थांबायचं कुठे ते मला कळत नाही हे मला माहीत आहे. तरी—

दुपार. अर्धी पट्टी झाली. तपकिरी, गडद. ब्रश ओढताना मनगट आपोआप वळतं, अर्धगोल. सारवल्यासारखं. मी कधी सारवलेलं नाही.

पूर्ण झाली. खरडणं थांबलं. किती शांत वाटलं. झोपते.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी नऊ

बाई नाही.

अंगण पूर्ण. दार, भिंत, पायरी, घमेलं. सगळं ओलं, गडद, एका हाताने सारवलेलं. माझी पट्टी आणि शामची जमीन यांत सांधा दिसत नाही. आणि बाई नाही. तिच्या जागी तडेसुद्धा नाहीत.

पुन्हा. पुन्हा माझ्या हातून एक माणूस पुसलं गेलं. कोण विश्वास ठेवेल? मी तिला हात लावला नाही हे कोणाला सांगू? सांगायला आवाज कुठाय?

एक तास. तेवढ्यात तिला रंगवता येईल. हिरवा गोळा, काळा ठिपका, हात. फोटो बघून— फोटोतही नाही.

सव्वानऊ

मागे सप्. सप्.

वळले नाही. खाली बघितलं. खोलीचा कोबा दारापासून ओला झालाय. अर्धगोल, एकाशेजारी एक. दारापासून सुरू होऊन इकडे येतायत. कोणीतरी मागे मागे सरकत येतंय, पाठ माझ्याकडे करून.

चित्रासमोर हातभर कोरडी जमीन उरलीय. मी त्यावर.

ओल्यावरून पळत जाईन. ठसे उमटले तर उमटले.

पाय टाकला. गार. चिखल नाही, शेणाचा वास नाही, नुसतं गार. कोब्यावर ठसा नाही. ठसा चित्रात आहे. अंगणात, पायरीच्या तोंडाशी. माझी पाच बोटं.

पाय काढून घेतला. निघाला की नाही ते—

पाठीला पाठ टेकली. ऊबदार. हाडकुळी. ती थांबली. उठते आहे. तिचे गुडघे वाजले. किती वर्षांनी.

ती उठली, माझे गुडघे वाकले.

पावलं दाराकडे गेली. बाहेर माठाचं झाकण वाजलं. कोणीतरी घटाघटा पितंय. थांबतच नाही. पी बाई. पी.

मी उकिडवी बसलेय. केव्हा बसले कळलं नाही. वही मांडीवर आहे. खिडकी मागे गेलीय. पुढ्यात काळं दार. उजेड एकसारखा, सावली नाही. घमेलं कोरडं.

गाडी आली. आदेशचा आवाज. फोटोग्राफर कुठे उभं राहू विचारतोय. मी हाक मारतेय, हाकेत आवाज नाही.

आदेश म्हणतो, वा. बाई काय उजळलीय. ती पट्टी भरली म्हणून जरा कुरकुरला, मग म्हणाला, असू दे, पूर्ण वाटतंय. मी कुठे गेले ते विचारतोय. न सांगता निघून गेली, अशीच आहे म्हणतोय. काम मात्र चोख केलं म्हणतोय.

चोख. चार वर्षांनी कोणीतरी—

दामू जवळ आलाय, त्याचा श्वास माझ्या पाठीवर लागतोय. तो अंबाडा शोधतोय. माझा अंबाडा नाही, माझे केस कापलेले. लुगडं पण नाही. त्याने ओळखलंय. ओळख रे.

आदेश विचारतोय, हा तांब्या इथे कशाला, ओल लागेल चित्राला, उचल तो.

नको. दामू, ऐकू नकोस त्याचं. दामू, ओतू नको, तो तांब्या राहू दे, जरा पुढे सरकव, इकडे, माझ्या हाता—